आयव्हीएफ करताना गुठळीबद्दल कोण सांगणार?

संपादक महोदय,

गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, २०२३ पासून आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) फुकट मिळायला लागलं ते फार बरं झालं, आमच्या डिचोली-सत्तरीकडची कितीतरी जोडपी लाखांचा हिशोब ऐकूनच गप्प बसायची. पण एका गोष्टीबद्दल कोणच बोलत नाही म्हणून लिहितेय.

गर्भपिशवीला सूज म्हणजे अॅडिनोमायोसिस असलेल्या, नाहीतर पिशवीत मोठ्या गाठी असलेल्या बायकांमध्ये रक्ताची गुठळी व्हायचा धोका आधीच जास्त असू शकतो. वाढलेली पिशवी ओटीपोटातल्या शिरा दाबते, पायातलं रक्त वर चढायला वेळ लागतो. त्यात अंगावरून जास्त जातं म्हणून ट्रॅनेक्सामिक अॅसिडच्या गोळ्या, त्यांचं कामच मुळी झालेली गुठळी विरघळू न देणं. आणि वर आयव्हीएफची इंजेक्शनं, ज्यांनी इस्ट्रोजेन हे हार्मोन नेहमीच्या कितीतरी पट चढतं.

माझ्या वहिनीला एका खासगी क्लिनिकात इंजेक्शन पोटात कुठे टोचायचं, फ्रिजमध्ये कुठल्या कप्प्यात ठेवायचं इथपर्यंत सगळं शिकवलं, गुठळीचं मात्र नाव नाही. अंडी काढल्यावर पोट टम्म फुगलं, ते उतरलं आणि मग मानेची एक बाजू दुखून हात जड झाला. घरात सगळे म्हणाले मान आखडली, बाम लाव. दुसऱ्या डॉक्टरांनी डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करायला लावलं तेव्हा मानेच्या शिरेत गुठळी! इंजेक्शनांनी ओव्हऱ्या, म्हणजे अंडाशय, जास्त फुगल्या तर गुठळी पायापेक्षा मानेत-हातात जास्त दिसते, कधी कधी काही आठवड्यांनी सुद्धा, हे आम्हाला तेव्हा कळलं. आता रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत, बरी आहे.

ती इंजेक्शनं सगळ्यांनाच द्या असं म्हणत नाही, त्यांनी रक्तस्रावही वाढतो. पण सुरू करायच्या आधी घरात कोणाला गुठळी किंवा कमी वयात हार्टचा किंवा पॅरालिसिसचा झटका आलेला का, परत परत गर्भ पडलेत का, एवढं विचारायला काय जातं? धोका दिसला तर ओव्हऱ्या कमी फुगतील अशी औषधं देऊन सगळे भ्रूण फ्रीझ करून ठेवता येतात, ते पिशवीत सोडायचं काम मागाहून सावकाश.

आणि मान, हात किंवा एकच पाय सुजला, दम लागला, डोकं भयंकर दुखलं तर लगेच या, असा एक कागद मराठी-कोकणीत हातात द्या. आपल्याकडे बायका आयव्हीएफ लपवतात, कॅज्युअल्टीतही सांगत नाहीत, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हे स्वतःहून विचारावं, पण सासू बाजूला उभी असताना नको.

एक वाचक, डिचोली