पंचमची १९८१ ते १९८४ ही वर्षं आम्हाला ऐकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पंचमच्या, म्हणजे संगीतकार राहुलदेव बर्मनच्या, कारकिर्दीतला सर्वांत दुर्लक्षित काळ कोणता, या आमच्या वादात तुम्ही जी मदत केलीत, तिचे आभार खासगीत मानून भागणार नाही असं सगळ्यांचंच मत पडलं. म्हणून हे उघड पत्र. १९६१च्या ‘छोटे नवाब’पासून मृत्यूनंतर १९९४ साली आलेल्या ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’पर्यंत तीनशेहून अधिक चित्रपट. एवढ्या पसाऱ्यात ज्याला जे हवं ते सापडतं, म्हणून वाद रंगतो आणि तिथल्या तिथे फिरत राहतो. तुम्ही कुणाचीच बाजू घेतली नाहीत. वाद घालायचा कसा ते दाखवलंत, आणि त्यासाठी लागणाऱ्या रेकॉर्डी, कॅसेटी आणि डेकसुद्धा हातात दिलात.

सर्वांत आधी आभार त्या दोन रकान्यांचे. गाणं किती चांगलं आहे हा एक रकाना, ते किती ऐकलं जातं हा दुसरा, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी भरायचे. दोन्ही आकड्यांतला फरक जिथे मोठा, तिथे खरं दुर्लक्ष. हे होईपर्यंत ‘मला आवडणारा काळ’ आणि ‘लोकांनी डावललेला काळ’ यांची सरमिसळ होत होती. दुसरी अट तुम्ही तितक्याच ठामपणे घातलीत: चित्रपटातली सगळी गाणी ऐकायची, पडेल वाटणारी आधी. नाहीतर एका काळातली सर्वोत्तम पाच गाणी दुसऱ्या काळातल्या सरासरी कामाशी भिडवली जातात आणि निकाल आधीच ठरलेला असतो.

या रकान्यांनी पहिला बळी घेतला तो ‘ऐंशीचं दशक म्हणजे उतरण’ या सरधोपट वाक्याचा. पंचमला फिल्मफेअर मिळालं तीनदा: ‘सनम तेरी कसम’, ‘मासूम’ आणि ‘१९४२’. पहिले दोन चित्रपट १९८२ आणि १९८३चे. ज्या सत्तरच्या दशकाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्यातल्या एकाही चित्रपटासाठी त्याला ते मिळालेलं नाही. दुसरा बळी उलट्या बाजूचा. ‘इजाज़त’ दुर्लक्षित आहे असं आमच्यातले बरेचजण वर्षानुवर्षं सांगत होते. पण ‘मेरा कुछ सामान’साठी आशाताईंना आणि गुलज़ारांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि आज पंचमवर बोलायला बसलेला प्रत्येकजण त्या गाण्यापासून सुरुवात करतो. गाणं थोर आहे. डावललेलं नाही. ते यादीतून काढताना वाईट वाटलं, पण तुमचं म्हणणं बरोबर होतं.

मग कालक्रम. चित्रपट प्रदर्शित झाला ते वर्ष आणि गाणं ध्वनिमुद्रित झालं ते वर्ष यांत अंतर असतं, हे सगळ्यांना ठाऊक असूनही यादी करताना कुणी पाळत नाही. तुम्ही दिलेल्या खुणा इथे पुन्हा लिहितो, कारण त्या इतरांच्याही कामाच्या आहेत. रफ़ीसाहेब ३१ जुलै १९८०ला गेले, त्यामुळे त्यांचा आवाज असलेलं गाणं त्याआधीचं, चित्रपट कधीही येवो. ‘शान’ डिसेंबर १९८०मध्ये लागला, त्यातलं पंचम आणि रफ़ींचं ‘यम्मा यम्मा’ हे सरळ उदाहरण. किशोरकुमारांसाठी तीच रेषा १३ ऑक्टोबर १९८७ची. चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर तारीख असते, तीही उतरवून घ्यायची, कारण गाणी त्याच्या आधी पूर्ण झालेली असतात. ‘लिबास’सारखा चित्रपट थिएटरांत लागलाच नाही, म्हणून ‘सीली हवा छू गई’ प्रदर्शनाच्या वर्षावर लावलेल्या यादीतून चक्क गळून पडतं.

चाल कधी सुचली हा प्रश्न तर आणखी निराळा. ‘आँधी’तल्या ‘तेरे बिना ज़िंदगी से’च्या आधी त्याच चालीचं बंगाली ‘जेते जेते पथे होलो देरी’ आहे, ‘अनामिका’तल्या ‘मेरी भीगी भीगी सी’च्या आधी ‘मोने पोड़े रुबी राय’. बंगाली गाण्यांसाठी वेगळा कागद ठेवा हा तुमचा सल्ला पाळला, म्हणून चाल एकदाच मोजली गेली.

यानंतर जे लिहायचं आहे, त्यासाठी तुमचे सर्वांत जास्त आभार. १९८० नंतरच्या गाण्यांबद्दल ‘आवाज पातळ आहे, वाद्यमेळ बोदा आहे’ असं आम्ही म्हणायचो, आणि दोष पंचमच्या माथी मारायचो. तुम्ही म्हणालात, आधी ऐकताय कशावर ते तपासा. ही गाणी बहुतेकांच्या घरी कॅसेटवरून आली. तासन् तास वाजलेल्या, उन्हात राहिलेल्या कॅसेटी, त्यांच्या प्रती, त्या प्रतींवरून पुढे चढवलेल्या फाइली. तुमची पद्धत अशी:

कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. पट्टीच्या, म्हणजे टेपच्या, मागे पितळी स्प्रिंगवर नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा असतो, तो जागेवर आहे ना ते बघायचं. जुना गोंद वाळला की तो गळतो, पट्टी हेडवर (तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) नीट दाबली जात नाही आणि वरचे स्वर नाहीसे होतात. आम्ही ‘बोद्या’ ठरवलेल्या बऱ्याच कॅसेटींत तेवढंच बिघडलेलं होतं. हेड आणि कॅपस्टन (पट्टी पुढे ओढणारा दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, रबरी रोलरला ते फार लावायचं नाही, रबर कडक होतं. डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर कमी करणारी सोय, बंद. कॅसेटवर त्याची खूण नसताना ते चालू ठेवलं तर झांजा आणि शेकर झाकले जातात.

मग अझिमथ, म्हणजे हेड पट्टीला ज्या कोनात भिडतं तो कोन. हेडच्या बाजूच्या दोन स्क्रूंपैकी ज्याच्याखाली स्प्रिंग असते तोच हलवायचा. आधी त्याच्या मूळ जागेवर रंगाचा ठिपका द्यायचा. आवाज मोनोवर ठेवून स्क्रू अष्टमांश फेऱ्याहूनही कमी फिरवत राहायचं, आणि वरचे स्वर सर्वांत स्पष्ट होतील तिथे थांबायचं. स्टिरिओवर ऐकत हे करू नये, कारण डावी-उजवी बाजू एकमेकींपासून सरकलेली असली तरी कान फसतो. मोनोत दोन्ही एकत्र झाल्या की चूक लगेच कळते. प्रत्येक कॅसेटला ही जागा थोडी वेगळी असते, म्हणून काम झालं की स्क्रू ठिपक्यावर परत आणायचा.

वेगाचंही तसंच. डेक एक टक्का जोरात चालला तर स्वर साधारण सतरा सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, सहा टक्के जोरात चालला तर जवळपास पूर्ण अर्धस्वर. गायक चढ्या पट्टीत ओढून गातोय असं वाटतं, ठेका घाईचा वाटतो, आणि श्रोता म्हणतो पंचम तेव्हा घाईत काम करत होता. तपासायला ज्यांचे स्वर बांधलेले असतात ती वाद्यं धरायची, व्हायब्राफोन किंवा अकॉर्डियन. व्हायोलिनवरून पट्टी ठरवायची नाही. रेकॉर्डीसाठी तुम्ही दिलेली स्ट्रोब चकती पन्नास हर्ट्झच्या दिव्याखाली ठेवली की ३३⅓च्या वेगाला १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसतं. सुईचं वजन कार्ट्रिजवाल्याने सांगितलं असेल तेच ठेवायचं. रेकॉर्ड जपायची म्हणून ते कमी केलं तर सुई खोबणीत उडते आणि खोबण आणखी खरवडते. ही शेवटची गोष्ट आम्हाला उलटीच माहीत होती.

नंतर चढवलेला ठेका किंवा घुमारा असलेल्या आवृत्त्या तुम्ही पूर्ण बाद ठरवल्यात. त्याबद्दल एकाने थोडी कुरकुर केली. आता करत नाही.

असं सगळं सरळ करून ऐकल्यावर वाद तीन दाव्यांवर आला. पहिला १९६६ ते १९७०चा. ‘तीसरी मंज़िल’ सगळ्यांना पाठ, पण त्याच वर्षीच्या ‘पति पत्नी’तलं बोसा नोव्हा या ब्राझिली ठेक्यावरचं ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’ किती जणांनी नीट ऐकलंय? ‘बहारों के सपने’मध्ये १९६७ साली ‘क्या जानूँ सजन’ला लताबाईंच्या आवाजावर त्यांचाच दुसरा आवाज चढवलेला आहे. ‘अभिलाषा’तलं ‘वादियाँ मेरा दामन’ही याच काळातलं. दावा भक्कम आहे. पण या वर्षांतली बरीच गाणी दुसऱ्या रकान्यातही वर आहेत, त्यामुळे फरक लहान पडतो. दुसरा दावा १९८८ नंतरच्या वर्षांचा, हृदयविकाराचा झटका, बायपास आणि आटलेलं काम यांच्या सोबतचा. ‘परिंदा’ त्यात आहे. गाणीच मोजकी असल्यामुळे तो आम्ही तूर्त बाजूला ठेवला.

तिसरा १९८१ ते १९८४, आणि आमचं मत तिथे ठरलं. ‘लव्ह स्टोरी’, ‘बेताब’ किंवा ‘मासूम’मुळे नव्हे. ती गाजलेलीच आहेत, आणि त्यांच्याच आवाजात बाकीची बुडाली. ‘हरजाई’मधलं लताबाईंचं ‘तेरे लिए पलकों की झालर बुनूँ’, ‘शौकीन’मधलं ‘जब भी कोई कंगना बोले’, ‘नमकीन’मधलं ‘फिर से अइयो बदरा बिदेसी’, ‘ज़मीन आसमान’मधलं ‘ऐसा समाँ न होता’, ‘जवानी’मधलं ‘तू रूठा तो’, आणि ‘सनी’मधलं ‘और क्या अहद-ए-वफ़ा होते हैं’, जे आशाताई आणि सुरेश वाडकर दोघांच्याही आवाजात आहे. यांतल्या बऱ्याच चित्रपटांना प्रेक्षक मिळाला नाही, बाहेर डिस्कोची लाट होती, आणि पंचम इतकं काम करत होता की त्याचंच एक गाणं दुसऱ्याच्या वाटेत येत होतं. या वर्षांत भरतीचं कामही आहे, ते आम्ही लपवत नाही. सगळी गाणी ऐकायची अट पाळली की ते समोर येतंच.

तरी शंका घेणारे होते. त्यांना गप्प केलं ते तुम्ही लागोपाठ लावायला सांगितलेल्या तीन गाण्यांनी. १९५१च्या ‘नौजवान’मधलं सचिनदांचं ‘ठंडी हवाएँ’, १९८१च्या ‘नरम गरम’मधलं आशाताईंचं ‘हमें रास्तों की ज़रूरत नहीं है’, आणि १९८५चं ‘सागर किनारे’. वडिलांच्या चालीचा धागा धरून पंचमने जो मुखडा १९८१ साली बांधला, तोच त्याने चार वर्षांनी पुन्हा वापरला. पहिल्यांदा कुणी फारसं वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा मोठा चित्रपट होता, आणि त्या गाण्यासाठी किशोरकुमारांना फिल्मफेअर मिळालं. चाल तीच, संगीतकार तोच. मग १९८१ साली कमी काय होतं? याहून नेमका पुरावा आमच्यापैकी कुणाला सापडला नसता.

आणखी एका गोष्टीचे आभार. प्रत्येक गाण्यापुढे वादकांचा रकाना ठेवायला लावलात. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंह आणि मारुतीराव कीर ही सहायकांची नावं निदान श्रेयनामावलीत येतात. पण अमृतराव काटकरांचं रेसो-रेसो (घासून वाजवायचं तालवाद्य), रणजित गजमेर यांचा मादल (नेपाळी ढोलकी), उल्हास बापटांचा संतूर, होमी मुल्लांची छोटी छोटी तालवाद्यं ही पंचमच्या आवाजाची हाडं आहेत. जिथे खात्री नाही तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने नाव लिहू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. तो रकाना अजून बराच कोरा आहे, आणि तसाच ठेवला आहे.

रेकॉर्डी डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, लेबल कोरडं ठेवून, नव्या आतल्या पाकिटांत घातल्या आहेत. उभ्या ठेवूनच आणून देतो. ज्या कॅसेटींचा नमदा गळला होता त्यांची पट्टी स्क्रूच्या नव्या खोक्यांत बसवली आहे, जुनी खोकी आणि छापील कागद सोबत आहेत. डेकचा स्क्रू ठिपक्यावर आहे, पण एकदा तुमच्या कानाने तपासून घ्या.

आता १९८८ ते १९९३ हा कागद उघडायचा आहे. ‘गर्दिश’ची गाणी तुमच्याकडे कशावर आहेत, तेवढं कळवा.

तुमचे,
पंचमची गाणी ऐकणारे आम्ही सगळे