मॅडिसनहून काकीस: मिठाच्या हिशोबाचं पत्र

मॅडिसन, विस्कॉन्सिन
कोजागिरीनंतरचा रविवार

ती. सौ. काकीस,
बाबलचा साष्टांग नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर ओट्यावरच्या काचेच्या बरण्या बघून तू विचारलंस, "तेल नाय, मोहरी नाय, मगे ता कुसणा कसा नाय?" तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली आणि उत्तर राहिलं. फोनवर दोन वाक्यांत आटपेल असं ते नाही, म्हणून लिहायला बसलो. वहिनीला वाचून दाखवायला सांग, तिलाही करून बघायचंय म्हणत होती.

बरणीत आहे तो नुसता कोबी आणि मीठ. व्हिनेगर नाही, वरून पाण्याचा थेंबही नाही. तुला दिसलं ते पाणी कोबीतूनच सुटलेलं. हा जर्मन लोकांचा पदार्थ, सावरक्राउट. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून माणसं बोटी भरभरून विस्कॉन्सिनात आली, जमिनी कसल्या, गाईगुरं पाळली, आणि बर्फात ताजी भाजी मिळायची नाही म्हणून पिंपं भरून कोबी आंबवून ठेवू लागली. आपण पावसाळ्याची बेगमी करतो, हे हिवाळ्याची. बेअर क्रीक नावाच्या इथल्या एका खेड्यात आज याचा मोठा कारखाना आहे, तरी आमच्या शेजारच्या आजी अजून घरीच करतात. मी त्यांच्या तळघरात स्टुलावर बसून शिकलो. त्यांना बोलायला माणूस हवा असतो आणि मला खायला काहीतरी आंबट, त्यामुळे आमचं छान जमतं.

घट्ट, हाताला जड लागणारा गड्डा घ्यायचा. बाहेरची एकदोन धड पानं काढून बाजूला ठेवायची, ती शेवटी लागतात. बाकीचा कोबी बारीक, लांब चिरायचा. (तुझ्या विळीवर जो निघेल तसा इथल्या कुठल्याच यंत्रावर निघत नाही.) मग तो तोलायचा. किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ. मीठ लावून परातीत पाचदहा मिनिटं चुरायचा, मग अर्धा तास तसाच सोडायचा. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, मीठ ते बाहेर ओढतं आणि परातीच्या तळाशी पाणी साठतं. मग मूठ मूठ बरणीत टाकत दाबत जायचं, मध्ये हवा राहू द्यायची नाही. वर चारेक बोटं जागा सोडायची, बाजूला ठेवलेलं पान घडी करून झाकायचं, त्यावर वजन ठेवायचं. कोबीची काडी पाण्यावर आली नाही पाहिजे. सगळी अक्कल याच एका गोष्टीत आहे. आजींकडे काचेची गोल वजनं आहेत, मी आत मावेल एवढी छोटी बाटली पाणी भरून ठेवतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. मीठ किती कमी आहे बघ. कोवळ्या कैऱ्यांची तोरं खारात घालताना तू पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालतेस, म्हणजे शंभर ग्रॅम पाण्याला जवळपास ३५ ग्रॅम. एवढ्या खारात बहुतेक जंतू धड जगत नाहीत, आणि तोर मुळातच आंबट. तिथे मीठच राखणदार. भर पावसात बरणी उघडली तरी तोर वैशाखातल्यासारखंच कडक असतं, कारण आत काही घडलेलंच नसतं. मिठातल्या गऱ्यांचंही तसंच, म्हणून तर भाजीच्या आधी ते रात्रभर पाण्यात घालून खारटपणा काढावा लागतो.

कोबीचं तसं नाही. दोन-अडीच टक्के मिठाने काही टिकत नाही. तेवढं मीठ फक्त निवड करतं. भाजी कुजवणारे जंतू त्याने मागे पडतात आणि मीठ सोसणारे वर येतात. हे दुसरे कोबीच्या पानांवर शेतातूनच आलेले असतात, बाहेरून विरजण लावावं लागत नाही. पहिले काही दिवस ल्यूकोनोस्टॉक नावाच्या जंतूंची पाळी. ते कोबीतली साखर खाऊन आम्ल करतात आणि भरपूर वायूही सोडतात. बरणीत बुडबुडे येतात ते त्यांचे. त्या वायूने आतली हवा बाहेर ढकलली जाते, आणि हवा नाही म्हणजे बुरशीला जागा नाही. आंबटपणा वाढला की त्यांना स्वतःलाच तो झेपेनासा होतो, मग लॅक्टोबॅसिलस येतात आणि शेवटपर्यंत नेतात. आम्ल तेच, दह्यातलं. म्हणजे कोबी टिकतो तो आपल्याच आंबटपणावर, आणि मीठ ती आंबटी तयार होईपर्यंतचा वेळ सांभाळतं.

इथले लोक आंबटपणा कागदी पट्टीने मोजतात. त्या मापात आकडा जेवढा खाली तेवढं जास्त आंबट. ४.६ च्या खाली गेलं की बंद डब्यातल्या अन्नात विष करणारा जो बॉट्युलिझमचा जंतू, तो वाढू शकत नाही. तयार कोबी ३.५ च्या आसपास असतो. विस्कॉन्सिनात २०१० साली एक कायदा झाला, त्याला सगळे 'पिकल बिल' म्हणतात. घरी बरणीबंद केलेले असले आंबट पदार्थ आठवडी बाजारात परवान्याशिवाय विकता येतात, पण माप ४.६ किंवा त्याखाली असलं पाहिजे आणि माल घरचा आहे, सरकारी तपासणी झालेली नाही, अशी पाटी लावावी लागते. वहिनीच्या बचत गटाला हे ऐकव, त्यांच्या कामाचं आहे.

हवेचा भाग तुला जास्त पटेल. इथल्या सरकारी पुस्तिकांतला हिशोब असा: २१ ते २४ अंशांत कोबी तीन-चार आठवड्यांत होतो, १६ ते १८ अंशांत पाच-सहा आठवडे घेतो. १६ च्या खाली आंबेलच असं नाही, आणि २४ च्या वर तो मऊ पडतो. मऊ कोबी आजी सरळ फेकतात, दातांखाली कुरकुरला पाहिजे म्हणतात. आता मला सांग, शिरोड्यात २४ अंश कधी असतात? पौषात पहाटे असतील, दुपारी नाहीत. आपल्याकडे कोणी एवढ्या कमी मिठात भाजी मुरवत बसलं नाही आणि सगळं खारात किंवा तेलात गेलं, त्यामागे ही हवाच असावी असं मला वाटतं. इथे अर्धं काम थंडी करते, तिथे तेच काम मिठाला करावं लागतं.

आता बरण्यांची गंमत. यांना मेसन जार म्हणतात. न्यू जर्सीतल्या जॉन मेसन नावाच्या पत्र्याचं काम करणाऱ्या तरुणाने काचेच्या तोंडालाच आटे पाडले, म्हणजे पत्र्याचं झाकण फिरवून घट्ट बसेल. ३० नोव्हेंबर १८५८ ला त्याला पेटंट मिळालं. ते संपल्यावर इतरांनी बरण्या काढून पैसा केला आणि तो बिचारा १९०२ मध्ये गरिबीतच गेला. आजींकडच्या एका निळसर बरणीवर ती तारीख उठवलेली आहे, नातवंडांना त्या "दीडशे वर्षांची" म्हणून सांगतात. पुढे कितीतरी वर्षं कारखाने तीच तारीख साच्यात ठेवून बरण्या काढत राहिले, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी क्वार्टची घेतो, म्हणजे लिटरला थोडी कमी. किलोभर कोबी दाबून दाबून जेमतेम बसतो. रुंद तोंडाचीच घ्यायची, मूठ आत गेली पाहिजे. एक लक्षात ठेवायचं: ही बरणी मुळात भाज्या उकळून हवाबंद करण्यासाठी केलेली. आंबवताना झाकण गच्च लावलं तर वायू कोंडतो आणि काच फुटूही शकते. झाकण सैल ठेवायचं किंवा रोज एकदा उघडून फुस्स होऊ द्यायचं. खाली ताटली हवीच, पहिल्या आठवड्यात पाणी उतू जातं. शिवाय पत्र्याची झाकणं मिठाने आणि आम्लाने गंजतात, म्हणून मी प्लास्टिकची लावतो. बाजारात यासाठी नळ्या, पडदे, रबरी बोंडं लावलेली महागडी झाकणं मिळतात. मला तो सगळा खेळ वाटतो. तुझ्या पांढऱ्या-तपकिरी चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून सगळं होईल, फक्त आतलं वजन जड हवं. इथेही जुन्या घरांत मातीच्या बरण्याच असायच्या. शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या रेड विंग गावच्या त्या, अंगावर लाल पंख काढलेला. आता लोक त्यांत छत्र्या ठेवतात.

बुऱ्याबद्दल तू विचारशीलच. वर पांढरा, सपाट, पातळ पापुद्रा आला तर ते एक प्रकारचं यीस्ट, काढून टाकायचं, त्याने अपाय होत नाही. केसाळ काही आलं, हिरवं, काळं किंवा गुलाबी दिसलं, तर आख्खी बरणी फेकायची. वरचं काढून खालचं वापरायचं नाही. तुला हे जड जाईल, मला ठाऊक आहे. आणि लसूण घातलास तर ती कधीकधी निळी-हिरवी पडते. बघून दचकायला होतं, पण ती आम्लाची करामत, खायला हरकत नाही.

आपल्याकडे करायचं असेल तर पौषातच कर. मीठ किलोला ३० ग्रॅमपर्यंत वाढव, बरणी न्हाणीघराच्या गार कोपऱ्यात ठेव, चौथ्या दिवसापासून रोज चव बघ आणि हवा तेवढा आंबट झाला की सरळ फ्रिजमध्ये. मीठ तुझं खडेमीठच चांगलं, कुटून घे. पाकिटातल्या मिठात ते मोकळं राहावं म्हणून जे घालतात त्याने पाणी गढूळ दिसतं. गाजर आणि मुळाही होतात. त्यांना कोबीएवढं पाणी सुटत नाही, म्हणून लिटरभर पाण्यात ३०-३५ ग्रॅम मीठ विरघळवून ते ओतायचं. काकडीला ५० ग्रॅम लागतं, आणि तिचं फुलाकडचं टोक कापून टाकायचं, नाहीतर मऊ पडते. आजी काकडीत द्राक्षाचं पान घालतात.

इथे शनिवारी राज्याच्या कॅपिटॉलभोवती मोठा शेतकरी बाजार भरतो. तिथे ह्मोंग बायका भाजी घेऊन येतात. लाओसमधल्या डोंगरातले हे लोक, व्हिएतनामच्या युद्धानंतर इकडे आले. त्या मोहरीचा पाला असाच मिठाच्या पाण्यात आंबवतात. मी पाल्याची एक जुडी उचलली तर तिथली म्हातारी हातवारे करून सांगू लागली: आधी उन्हात मलूल होऊ दे, मग मीठ. भाताबरोबर तो पाला कोबीपेक्षा मला जास्त आवडला. कोबी मात्र खिचडीशी बरा लागतो, आणि थालीपिठाशी फारच छान.

औषध म्हणून कोणी सांगेल तर फार मनावर घेऊ नकोस. पोटाला बरं असतं, जिवंत जंतू असतात, एवढं खरं, तेही न उकळलेल्यात. बाकी इथे या एका कोबीच्या नावावर जेवढे रोग बरे करतात तेवढे आपल्या वैद्यांनीही केले नसतील. काकांना चमचाभरच दे. मीठ कमी म्हटलं तरी मीठच, आणि त्यांचं प्रेशर मला माहीत आहे.

मला तुझ्याकडून एक हवंय. आजींनी तुझ्या तोरांबद्दल ऐकल्यापासून प्रमाण मागतायत, आणि तू नेहमी सांगतेस "शेकड्याला अमुक मुठी". तुझी मूठ आणि माझी मूठ एक नाही, आणि शिरोड्याचं खडेमीठ इथल्या बारीक मिठापेक्षा मुठीत कमी मावतं. तेव्हा या खेपेला तोरं घालशील तेव्हा वहिनीच्या वजनकाट्यावर आधी रिकामं ताट ठेव, त्यात तुझ्या पाच मुठी टाक आणि जो आकडा येईल तो मला कळव. पाणी उकळून गार करून घालतेस की कोमट, तेही सांग. इथे तोरं मिळत नाहीत, पण दक्षिणेकडून हिरव्या कैऱ्या येतात, त्यांवर बघू.

काकांना नमस्कार, चिंगीला पापा. वहिनीला म्हणावं, पहिल्या बरणीचा फोटो पाठव, पापुद्रा आला तर तो जवळून.

तुझा,
बाबल