आईचा कॉम्प्युटर फोनवरून चालू करून देणाऱ्या दादांना

दादा,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. आता मध्ये बोलता येणार नाही तुम्हाला, पूर्ण वाचावंच लागेल.

आपली ओळख म्हणाल तर काहीच नव्हती. वहिनीच्या भावाने नंबर दिला, मी रात्री साडेनऊला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं की आईचा डेस्कटॉप २०१२ चा आहे, बटण दाबलं की आतला पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो, परत दाबलं की परत तेच, एक जण बघून गेले त्यांनी कॅबिनेटचं झाकणसुद्धा न उघडता मदरबोर्ड गेला, एवढ्या जुन्याचं आता काही मिळत नाही, टाकून द्या असं सांगितलं, आणि आई दोन दिवस त्या बंद स्क्रीनसमोर जाऊन बसतेय. तिने इतक्या वर्षांत लिहिलेलं सगळं त्यातच, तेही जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसणार. तुम्ही हे सगळं ऐकून घेतलं आणि उपाय न सांगता उलट विचारलंत, "गेल्या महिन्या-दोन महिन्यांत सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीनदा बटण दाबायला लागत होतं का? आणि एकदा चालू झाला की दिवसभर नीट?"

दादा, मी गप्पच झाले. कारण अगदी तसंच होत होतं आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, जुना झालाय, घेतो वेळ, असंच म्हणत होतो. तुम्ही समजावलंत की एसएमपीएसमधले, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातले, वीज साठवणारे कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम होऊन आतून सुकत जातात, थंड असताना त्यांना जोर येत नाही, जरा गरम झाले की कसंबसं निभावतात, आणि एक दिवस तेही जमत नाही. "मदरबोर्ड गेलाय की नाही ते नंतर बघू, आधी त्याला जेवायला मिळतंय का ते बघू." हे वाक्य मी आईला जसंच्या तसं सांगितलं आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट जेवली.

मग तुम्ही मला कामाला लावलंत. त्या आधी मी कधी कॅबिनेट उघडलेलं नव्हतं, ही गोष्ट तुम्हाला पहिल्या दोन मिनिटांतच कळली असणार पण तसं एकदाही जाणवू दिलं नाही. आधी भिंतीवरच्या बोर्डाच्या प्लगमध्ये टेबललॅम्प लावून बघायला सांगितलंत. मग वायर काढून पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरायला लावलंत, मग झाकण काढून प्रत्येक केबलचा फोटो, कुठली कुठे होती ते कळायला. मग हार्ड डिस्क, डीव्हीडी, ग्राफिक्स कार्ड सगळं सोडवून फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम. तरी पंख्याचा तोच अर्धा फेरा. मग बटणच खराब नाही ना म्हणून बटणाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायला सांगितल्यात तेव्हा माझा हात थरथरत होता, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात तिथे जेमतेम पाच व्होल्ट आहेत ताई, तुम्हाला कळणारसुद्धा नाही, पण एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या वर साठून राहिलेले असतात. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हे इतकं स्पष्ट आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि प्रत्येक वेळी एकच धोशा: एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलली की चालू करून बघा, काय झालं ते लिहा. मला वाटायचं दोन-तीन गोष्टी एकदम करून मोकळं व्हावं, तुम्ही करू दिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर आणला. एसएमपीएस बोर्डापासून सोडवला, जुना डीव्हीडी ड्राइव्ह लोड म्हणून जोडला, चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी पेपरक्लिपने जोडली आणि एसएमपीएसचा पंखा फिरायला लागला. मी आनंदाने ओरडले, चालू आहे चालू आहे! तुम्ही म्हणालात, पंखा फिरला म्हणजे नीट आहे असं नाही, पिवळ्या वायरवर मोजा. १०.९ व्होल्ट आले. तुम्ही सांगितलंत बाराच्या पाच टक्के इकडे किंवा तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६, हे त्याच्या बरंच खाली आहे. मग ती करड्या रंगाची वायर, जिच्यावरून एसएमपीएस बोर्डाला कळवतो की माझे सगळे व्होल्टेज जागेवर आले, आता तू सुरू हो. तो निरोप मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला उठवतच नाही. म्हणजे इतके दिवस आमचा मदरबोर्ड त्या एका निरोपाची वाट बघत बसला होता आणि आम्ही त्यालाच दोष देत होतो. ते ऐकून मला त्या बोर्डाबद्दल खरंच वाईट वाटलं.

नवीन एसएमपीएस बसवला, पंखे फिरले आणि फिरतच राहिले, पण स्क्रीन काळी. त्या रात्री मात्र माझा धीर सुटला होता दादा. मनात आलं ते झाकण न उघडता बोलून गेलेलेच खरे ठरणार. तुम्ही आधी विचारलंत प्रोसेसरजवळचा चार पिनांचा चौकोनी कनेक्टर लावलाय का, तो लावलेला होता. मग तुम्ही म्हणालात दोन्ही रॅम काढा आणि रॅमशिवाय चालू करा. मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. तुम्ही समजावलंत की रॅम नसताना बोर्डाने तक्रार केली पाहिजे, बीप दिला पाहिजे, आणि तक्रार करतोय म्हणजे तो आणि प्रोसेसर दोघंही जिवंत आहेत. बीपसाठी लागणारा तो इवलासा स्पीकर कॅबिनेटमध्येच होता पण त्याची पिन निसटून लोंबत होती, ती जागेवर लावली, दोन्ही रॅम काढल्या, फोन स्पीकरवर ठेवला आणि बटण दाबलं.

लांब बीप. मग थांबून परत लांब बीप.

तुम्ही फोनवर इतके खूश झालात ना, "ऐकलंत का, बोलला तो!" म्हणालात. आई आतल्या खोलीतून धावत आली, तिला वाटलं काहीतरी बिघडलं. मी तिला सांगितलं अगं बोर्ड चांगला आहे, हा आवाज चांगला आहे. तो आवाज मी अजून विसरले नाहीये.

पुढचं सोपं होतं असं तुम्ही म्हणता, पण मला ते सोपं वाटलं कारण तुम्ही बरोबर होतात. एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून बघितली, एक चालली, दुसरी नाही. मग दुसरीच्या सोनेरी पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, रबराला काळा मळ आला, भुगा कोरड्या ब्रशने झटकला, कट्ट आवाज येईपर्यंत बसवली आणि तीही चालली. स्क्रीनवर अक्षरं आली. सीमॉस चेकसम एरर (म्हणजे बोर्डाने जपून ठेवलेली सेटिंग बिघडलीये), एफ वन दाबा. मी एफ वन दाबलं, विंडोजचा लोगो आला, आणि लगेच निळी स्क्रीन, एरर कोडच्या शेवटी ७बी.

इथे तुम्ही जे केलंत त्यासाठी खरं तर हे पत्र आहे. मी रिपेअरचा पर्याय निवडणारच होते, नाहीतर विंडोज नव्याने टाकायला गेले असते, आणि तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात, "थांबा, काहीही दाबू नका, आधी कॉपी." दुसऱ्या कॉम्प्युटरवर विंडोजशिवाय कॉम्प्युटर सुरू करता येईल असा लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून घेतलात, त्यावरून हा सुरू करून आईचं पूर्ण फोल्डर आणि फॉन्टचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवायला लावलंत. दीड तास लागला त्याला, आणि तो दीड तास तुम्ही फोन ठेवला नाहीत. आई आणि तुम्ही बोलत बसला होतात, ती काय लिहिते हे तुम्ही विचारत होतात आणि ती सांगत होती, मला माहीत नसलेल्या गोष्टीसुद्धा. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली उघडून नीट आल्यात ना ते बघायला लावलंत आणि मगच म्हणालात, आता करूया दुरुस्ती.

कारण किती छोटं निघालं. बोर्डावरचा तो नाण्यासारखा सेल, सीआर २०३२. त्या नावातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, हे पण तुम्हीच सांगितलंत. तीन व्होल्टचा सेल, मोजल्यावर २.३ आले. एरवी प्लग लावलेला असायचा म्हणून सेटिंग टिकून होती, एसएमपीएस काढला आणि सेलमध्येही दम नव्हता, त्यामुळे बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, सगळं विसरला आणि हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत एएचसीआयवरून परत मूळच्या आयडीईवर गेली. विंडोज एएचसीआयवर टाकलेलं, त्याला आपलीच डिस्क सापडेना. नवीन सेल बसवला, सेटिंग एएचसीआयवर आणली, तारीख-वेळ टाकली, सेव्ह करून बाहेर आले. दोन मिनिटांचं काम. आणि ह्याच दोन मिनिटांच्या कामापायी मी विंडोज नव्याने टाकून आईचं सगळं लिखाण पुसून बसले असते.

डेस्कटॉप आला तेव्हा आई काही बोलली नाही. खुर्ची ओढून बसली, अर्धवट राहिलेली फाइल उघडली, शेवटचा परिच्छेद वाचला आणि टाइप करायला लागली. तुम्ही फोनवर विचारत होतात "आवाज कसला येतोय?" आणि मी म्हटलं कीबोर्डचा. मग आपण दोघंही थोडा वेळ काही बोललोच नाही.

तुम्ही सांगितलेली बाकीची कामं पण केलीत. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झालेत म्हणून नेटची केबल काढून ठेवलीये, आईला तशी ती लागतही नव्हती. दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी, ती आई स्वतः करते, वहीत तारीख लिहून. फाइली हळूहळू युनिकोडमध्ये आणायच्यात, आतापर्यंत अकरा झाल्या. जोडाक्षरं कन्व्हर्टरमधून कधी कधी तुटून येतात म्हणून आई प्रत्येक फाइल परत वाचून दुरुस्त करते, त्यामुळे वेळ लागतोय पण तिला ते आवडतंय. आणि चार रात्री मी जे जे लिहून घेतलं होतं, तो कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवलाय, वर तुमचं वाक्य लिहून, एका वेळी एकच गोष्ट बदला.

तुम्ही स्वतःचं काम आटोपून रात्री जेवणं झाल्यावर चार दिवस एका अनोळखी बाईला वायरींचे रंग सांगत बसलात, एकदाही घाई केली नाहीत, एकदाही "हे पण माहीत नाही का" म्हणाला नाहीत. टाकून द्या म्हणणं तुम्हालाही सोपं होतं. दादा, मनापासून आभार. आईकडून वेगळे, ते ती स्वतःच सांगणार आहे, त्या दीड तासात तुम्ही जी गोष्ट अर्धी ऐकली होती ती तिने पूर्ण केलीये आणि तुम्हाला वाचून दाखवायचीये. रविवारी रात्री साडेनऊला फोन करते, चालेल ना?

तुमची,
हिरवी वायर आणि करडी वायर आता नीट ओळखणारी ताई