जुन्या लॅपटॉपच्या निर्लेखनापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या पिढीतील पोर्टेबल संगणकांच्या रूपाविषयी तरुणांना सध्या मोठे आकर्षण वाटू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र बदामी प्लास्टिक, काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे आणि ठसठशीत कळा एवढेच उचलून ते नव्या वस्तूंवर चढवायचे आणि त्याला 'रेट्रो' म्हणायचे, हा प्रकार मला पटत नाही. ते आकार शोभेसाठी घडलेले नव्हते. प्रत्येकामागे एक अडचण होती आणि त्या अडचणीवर कोणीतरी डोके चालवून काढलेला तोडगा होता.

एप्रिल १९८१ मध्ये आलेल्या 'ऑस्बोर्न १' या पोर्टेबल संगणकाचेच पाहा. विमानातील आसनाखाली मावेल असे यंत्र हवे, ही कंपनीचे संस्थापक ॲडम ऑस्बोर्न यांची अट होती आणि अभियंते ली फेल्सनस्टाइन यांनी ती पाळून रचना केली. अवघा पाच इंची पडदा मधोमध, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॉपी (माहिती साठवायच्या पातळ चकत्या) घालायचे ड्राइव्ह, त्यांच्याखाली फ्लॉपी ठेवायचे कप्पे आणि कळफलक हेच पेटीचे झाकण! एका ओळीत ५२ अक्षरेच दिसत, म्हणून लांबट ओळ वाचताना मजकूर डावी-उजवीकडे सरकवावा लागे. वजन सुमारे ११ किलो आणि जवळ विजेचे सॉकेट नसेल तर सगळाच खोळंबा. तरीही १,७९५ डॉलरमध्ये लेखनासाठीचे वर्डस्टार आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठीचे सुपरकॅल्क या प्रणालींसह मिळणारे हे यंत्र लोकांनी उचलून धरले, कंपनी मात्र १९८३ मध्येच दिवाळखोरीत गेली. (जाता जाता, ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथे गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधनही त्याच राज्यात, कोडाइकनाल येथे झाले. आपल्याकडे हे फारसे कोणाला ठाऊक नसते.)

वृत्तपत्राला लिहीत असल्यामुळे १९८३ च्या 'टीआरएस-८० मॉडेल १००' या लॅपटॉपविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ते यंत्र अमेरिकेतील वार्ताहरांचे लाडके होते. जपानच्या क्योसेरा कंपनीने तयार केलेले आणि रेडिओ शॅकच्या दुकानांत विकले जाणारे हे यंत्र सुमारे दीड किलोचे, जाडजूड वहीएवढे होते. पडद्यावर ४० अक्षरांच्या आठच ओळी मावत. पण कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या चार पेन्सिल सेलवर ते वीसेक तास चाले, बटण दाबताक्षणी सुरू होई आणि त्याचा कळफलक पूर्ण आकाराचा होता. आत ३०० बॉड वेगाचा मोडेम, म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरून मजकूर पाठवणारे साधन असे. सेकंदाला सुमारे ३० अक्षरे या वेगाने हजार शब्दांची इंग्रजी बातमी दूरध्वनीवरून तीन-साडेतीन मिनिटांत कार्यालयात पोचे. आठ ओळींचा पडदा ही त्याची उणीव खरीच, पण सेल इतके टिकत ते काही अंशी त्या छोट्या, मागून प्रकाश नसलेल्या पडद्यामुळेच. मराठी वार्ताहराला मात्र त्याचा उपयोग नव्हता. देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचे, भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट कार्ड यायला ऐंशीच्या दशकाची अखेर उजाडली आणि तेही टेबलावरच्या पीसीत बसवायचे होते.

अडचण संपली की तोडगाही कसा मागे पडतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे आयबीएमचा १९९५ मधील 'थिंकपॅड ७०१' हा लॅपटॉप. पडदा १०.४ इंची असल्याने यंत्र अरुंद, मग बोटांना ऐसपैस कळफलक द्यायचा कसा? आयबीएमचे अभियंते जॉन कॅरिडिस यांनी कळफलकाचे दोन तुकडे केले. झाकण उघडताना ते सरकून एकमेकांत बसत आणि कळफलक दोन्ही बाजूंनी यंत्राबाहेर डोकावे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हे यंत्र आपल्या संग्रहात घेतले. पुढे पडदेच रुंद झाले आणि त्या युक्तीची गरज उरली नाही. आज कोणी केवळ हौसेखातर तसा कळफलक बनवला, तर तो मला कसरतीपलीकडे काही वाटणार नाही. याउलट २०१७ मध्ये थिंकपॅडच्या पंचविशीनिमित्त लेनोव्होने (आयबीएमनंतर थिंकपॅड बनवणारी कंपनी) काढलेल्या आवृत्तीत सात ओळींचा, जास्त कळांचा जुना कळफलक परत आणला, तो मला योग्य वाटला, कारण दिवसभर टंकलेखन करणाऱ्याला त्या जादा कळांचा आजही उपयोग आहे.

हा फरक छायाचित्रे पाहून कळत नाही, यंत्र हाताळावे लागते. म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि शासकीय कार्यालये यांना एक विनंती करावीशी वाटते. डेडस्टॉकचे निर्लेखन करताना, म्हणजे निकामी सामान नोंदवहीतून कमी करताना, सगळे जुने लॅपटॉप वजनावर भंगारात देऊ नयेत. प्रत्येक मॉडेलचा एक नग त्याच्या चार्जरसह, माहितीपुस्तिकेसह आणि असतील त्या फ्लॉपींसह बाजूला काढावा. ठेवण्यापूर्वी बॅटरी व आतील जुने सेल काढून घ्यावेत, कारण ते पाझरले की आतील सर्किट बोर्ड कुजवतात. आणि तो काचेच्या कपाटात बंद न करता, शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांना स्क्रू काढून उघडू द्यावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक