फवारणीच्या विषबाधेची मोजणी कोण करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरिपाची फवारणी सुरू झाली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जनजागृतीची गाडी फिरायला लागते. मास्क लावा, हातमोजे घाला, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, उपाशीपोटी वावरात जाऊ नका, सगळं बरोबरच सांगतात. मी स्वतः आरोग्य सेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय, आयुष्य लोकांना हेच समजावण्यात गेलं त्यामुळे जनजागृतीला मी नावं ठेवणार नाही. पण किती लोकांना विषबाधा झाली, कोणत्या गावात झाली, कोणत्या औषधाने झाली हे गावाला कधीच कोणी सांगत नाही आणि त्याबद्दलच हे पत्र लिहितोय.

२०१७ आठवा. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, बोंडअळीने लोक हैराण झाले होते, दुकानात जाऊन दोन-तीन औषधं एकत्र करून मारणं चालू होतं, त्यात बॅटरीचे पंप आले, बारीक फवारा आणि जोर जास्त. औषध पिकावर कमी आणि मजुराच्या डोक्याखांद्यावर जास्त पडायचं. जुलै-ऑगस्टपासून पेशंट दवाखान्यात येत होते पण राज्यभर बोभाटा झाला तो थेट सप्टेंबर संपता संपता आणि ऑक्टोबरात, तोवर माणसं गेली होती. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो ॲडमिट झाले, कित्येकांना कितीतरी दिवस धड दिसत नव्हतं. मग एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या घरच्यांना २ लाख जाहीर झाले, काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती बंद केली. हे सगळं झालं पण माणसं मेल्यावर झालं.

मी नोकरीत होतो तेव्हा दर आठवड्याला वर रिपोर्ट जायचा. हगवण, कावीळ, मलेरिया, डेंग्यू, कुत्रा चावला, साप चावला, सगळ्याला रकाना होता. फवारणीच्या विषबाधेला वेगळा रकाना नव्हता. ज्या जिल्ह्याचं अर्धं जगणं कापसावर आहे तिथे ही गत! हगवणीचे चार पेशंट एका गावात निघाले की आम्ही दुसऱ्या दिवशी विहिरीत ब्लिचिंग टाकायला पळायचो, कारण आकडा दिसायचा. विषबाधेचा आकडा दिसत नसेल तर पळणार कोण आणि कुठे?

लोकांना माहितीच नाही असं म्हणून सगळं मजुराच्या डोक्यावर ढकलतात ते मला अजिबात पटत नाही. औषध विषारी आहे हे वावरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी, म्हणजे हिरवाही विषच. पण मजुराच्या हातात डबा येतोच कुठे, त्याच्या हातात येतो भरलेला पंप. आणि ऑक्टोबरच्या उन्हात अंगभर प्लास्टिकचं किट घालून दिवसभर वीस किलोचं ओझं पाठीवर घेऊन चालून दाखवा म्हणावं पोस्टर छापणाऱ्यांनी. यातलं बरंचसं विष कातडीतून आत जातं, पाठीवरून गळणारा पंप आणि भिजलेला शर्ट तसाच अंगावर ठेवला की नाकाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. साबण, दोन बादल्या पाणी आणि कोरडा सदरा बांधावर ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे हे कोणत्या पोस्टरवर लिहितात?

दुसरी गोष्ट दवाखान्याची. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमला निकामी करतात. मग तोंडाला लाळ, घाम, उलट्या, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, स्नायू फडफडणं आणि शेवटी श्वास अडकणं. त्यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन चालतं, वेळेत दिलं तर माणूस वाचू शकतो. पण डायफेन्थियुरॉनसारखं कीटकनाशक या गटातलं नाही, त्याच्यावर ॲट्रोपीन उतारा नाही. आता तीन औषधं एकत्र करून मारली असतील आणि पेशंटसोबत डबा आणलाच नसेल तर डॉक्टरने काय ओळखायचं? म्हणून डबा नाहीतर निदान त्याचं लेबल, मोबाईलमध्ये फोटो तरी, दवाखान्यात न्याच.

कोलिनेस्टरेजची ब्लड टेस्ट आहे. सीझनच्या आधी एकदा करायची, मध्ये परत करायची, स्वतःच्याच आधीच्या आकड्यापेक्षा पातळी बरीच उतरली की त्या माणसाला फवारणीवरून काढायचं, आजारी पडायच्या आधीच. कॅलिफोर्नियात शेतात फवारणी करणाऱ्या कामगारांसाठी ही पद्धत १९७४ पासून आहे. आपल्याकडे ती तालुक्याच्या दवाखान्यात तरी व्हायला हवी.

केरळातल्या कासारगोडचं उदाहरण आहे. काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान नावाचं कीटकनाशक मारलं. गावात अपंग मुलं का वाढताहेत हे आधी तिथल्याच लोकांच्या आणि गावच्या डॉक्टरच्या लक्षात आलं, त्यांनी घरं मोजली, नोंदी ठेवल्या, मग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या शाळेतली मुलं तपासली, आणि शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभर एन्डोसल्फान थांबवलं. गावाने मोजलं नसतं तर संशोधक तिथे कशाला आले असते. आपल्याकडे मेडिकल कॉलेजची पोरं प्रश्नावली घेऊन येतात, मास्क घालता का, डबा कुठे टाकता विचारतात आणि जातात, पण त्यांना काय सापडलं ते ग्रामसभेत येऊन कोणी वाचून दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही. ज्यांच्याबद्दल माहिती घेतली त्यांना ती परत मिळाली पाहिजे ना.

आणि रिकामे डबे! २०१३ मध्ये बिहारच्या सारण (छपरा) जिल्ह्यात शाळेचा पोषण आहार खाऊन २३ लेकरं गेली, स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघालं. आमच्याकडे आजही धुतलेल्या डब्यात रॉकेल, पाणी, बियाणं ठेवतात. भोक पाडून डबा दुकानदाराने परत घ्यायची सोय करा, फक्त सांगून होणार नाही.

आशा ताईंच्या वहीत जुलै ते नोव्हेंबर एक पान याचं वाढवा एवढी आरोग्य खात्याला विनंती आहे. चक्कर येऊन वावरातून घरी परतलेला, दवाखान्यात न गेलेला माणूससुद्धा त्यात आला पाहिजे, कारण बहुतेक जण मजुरी बुडेल म्हणून दवाखान्यात जातच नाहीत.

आणि तुम्हाला विनंती अशी की तुम्ही कापसाचे भाव आणि धरणातला पाणीसाठा छापताच, तसाच फवारणीच्या चार-पाच महिन्यांत दर सोमवारी तालुकावार विषबाधेचा आकडा छापा. जिल्हा शल्यचिकित्सकांकडून मागा, नाही दिला तर "आकडा मिळाला नाही" असं छापा.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सेवक, जि. यवतमाळ