हरित वीज कोणत्या तासाची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'कारखाना आता शंभर टक्के हरित विजेवर' अशा बातम्या उद्योगाच्या पानावर वारंवार दिसतात. मी एकतीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात विद्युत देखभाल पाहिली. इंडक्शन भट्ट्या, ट्रान्सफॉर्मर आणि मीटर यांच्याच सोबतीत नोकरी गेली. म्हणून विनंती आहे, की अशा बातमीत वीज कोणत्या प्रकल्पाची आणि कोणत्या तासांची हेही छापावं.

हरित वीज विकत घेण्याचा करार खरा असेल तर त्याचं मोल मोठं आहे. एक टन लोखंड वितळवायला पाचशे-सहाशे युनिट लागतात. एवढी वीज लागणारा कारखाना अजून उभ्याही न राहिलेल्या पवन किंवा सौर प्रकल्पाला लिहून देतो, की पुढची पंधरा-वीस वर्षं तुमची वीज अमुक दराने घेऊ. गिऱ्हाईक नक्की आणि दरही नक्की, म्हणून बँक त्या कागदावर कर्ज देते. प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज ग्रिडवर आली की कोळसा, गॅस तेवढा कमी जळतो. याउलट, कर्ज कधीच फेडून झालेल्या एखाद्या जुन्या जलविद्युत केंद्राची, 'एवढी हरित वीज तयार झाली' एवढंच सांगणारी प्रमाणपत्रं वर्षअखेरीस विकत घेतली, तर नवं काहीच उभं राहत नाही. तरी हिशेबात दोन्ही कारखाने सारखेच हरित ठरतात. हे मला फार सलतं.

दुसरी गोष्ट रात्रपाळीची. आमच्या भट्ट्या रात्रीच जास्त चालत, आणि वितळलेला धातू भट्टीत गोठू देऊन चालत नसे. सौर करारातल्या वर्षभराच्या युनिटांची बेरीज कारखान्याच्या वापराइतकी झाली की हिशेब जुळला असं म्हणतात. पण पहाटे तीनला कारखान्याच्या मीटरचा काटा जो भार दाखवी, तो त्या क्षणी ग्रिडवर चालू असलेली केंद्रंच पेलत होती. दुपारच्या उन्हाचा त्याला उपयोग नव्हता. कंपन्या आपलं हरितवायू उत्सर्जन ज्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने मोजतात, त्या जीएचजी प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार, जिथे असे करार चालतात तिथे विजेपोटीचं उत्सर्जन दोन रीतींनी मांडायचं असतं: एक करारानुसार, दुसरं ग्रिडच्या सरासरीनुसार. जाहिरातीत पहिलाच आकडा येतो. बातमीत दुसराही हवा.

तासागणिक हमी देणं सोपं नाही, हेही मान्य. नॉर्स्क हायड्रो या अ‍ॅल्युमिनियम कंपनीने २०१७ मध्ये स्वीडनमधल्या मार्कबिग्डेन एट्ट या ६५० मेगावॉटच्या पवनप्रकल्पाशी १९ वर्षांचा करार केला. प्रकल्पाने ठरावीक वीज सतत पुरवायची होती. वारा पडला की ती बाजारातून विकत घेऊन द्यायची. हा बोजा पेलेना, आणि २०२३ मध्ये प्रकल्पाला आर्थिक पुनर्रचनेसाठी न्यायालयात जावं लागलं. वाऱ्याची सगळी जोखीम विकणाऱ्याच्या गळ्यात घालून भागत नाही. पवन, सौर आणि बॅटरी यांची सांगड घालावी लागते, आणि कारखान्यालाही कामाच्या वेळा थोड्या हलवाव्या लागतात.

ते जमतं, हे मी पाहिलं आहे. पाळीच्या सुपरवायझरबरोबर बसून आम्ही आठवडाभर दर तासाचं रीडिंग वहीत उतरवलं होतं. साच्यांची वाळू तयार करणारा प्लांट आणि उष्णता-प्रक्रियेच्या भट्ट्या रात्री केवळ सवयीने चालत होत्या. त्या दुपारी घेतल्या आणि उत्पादनात काही अडलं नाही. वितळवण्याचं काम मात्र इतक्या सहज सरकलं नाही.

आणखी एक. लोखंड वितळवायला कोक (दगडी कोळशापासूनचं इंधन) जाळणारी क्युपोला भट्टी असेल, तर तिच्या धुराशी वीज कराराचा काही संबंध नाही. ते उत्सर्जन बातमीत वेगळं लिहावं.

आपला,
एक निवृत्त विद्युत देखभाल अभियंता