आमचा विश्वास शेजाऱ्याला दिसावा तो कुठे?

संपादक महोदय,

नाताळच्या तोंडावर आपल्या पत्रव्यवहारात एका ख्रिस्ती वाचकाने लिहिले आहे की, आपला समाज संख्येने लहान आहे, तेव्हा सणाला मोठी मिरवणूक काढावी, चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक लावावेत, म्हणजे आपली श्रद्धा चार लोकांपर्यंत पोचेल. त्यांची तळमळ खरी आहे. पण मिरजेत वाढलेल्या माझ्यासारख्याला हा मार्ग मनापासून पटत नाही, म्हणून हे पत्र.

कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले. कोकण, कर्नाटक, कुठून कुठून रुग्ण येत. पुढे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. त्या भागाला लोक आजही वानलेसवाडीच म्हणतात. ख्रिस्ती माणूस कसा असतो हे आमच्या भागातल्या शेतकऱ्याला कळले ते खाटेवर पडल्या पडल्या.

माझी मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिला डबा द्यायला मी शाळेतून परस्पर जायचो. तेव्हाचे एक वारकरी आजोबा आठवतात. पायाची जखम चिघळलेली, वासामुळे शेजारच्या खाटेवरचे तोंड फिरवून झोपायचे. मावशी रोज बसून ती जखम धुवायची, वर त्यांच्याशी पीकपाण्याच्या गप्पा. ऑपरेशनला नेताना गळ्यातली तुळशीची माळ काढावी लागली, तेव्हा आजोबा रडायलाच लागले. मावशीने ती माळ स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळली, स्वतःच्या कपाटात ठेवली आणि ते शुद्धीवर आल्यावर सगळ्यांत आधी पुन्हा त्यांच्या गळ्यात घातली. तिने त्यांना धर्माबद्दल एक शब्द सांगितला नाही. मला मात्र प्रभू येशूने शिष्यांचे पाय का धुतले, ते त्या वॉर्डात समजले. संडे स्कूलमध्ये तो धडा पाठ होता, एवढेच.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. तुमची सत्कर्मे लोकांना दिसोत, असे एका ठिकाणी. आणि दान देताना उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, असे पुढच्याच अध्यायात. तरुणपणी मला यात विसंगती वाटे. आता वाटते, दिसायचे ते काम आणि त्याचे श्रेय पित्याला. लपवायचे ते करणाऱ्याचे नाव. फलकावर नेमके उलटे होते. काम दिसत नाही, आणि समितीच्या सगळ्यांचे फोटो मात्र दिसतात.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी नुसते अन्नछत्र उघडले नाही. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे एकेक काम त्यांच्या हाती दिले. अंध मुलींना ब्रेल शिकवण्याची सोय तिथे झाली. ज्या बाईला समाजाने ओवाळून टाकले, ती स्वतःच्या कष्टाची भाकरी खाऊ लागली. रमाबाईंच्या धर्मांतरावर तेव्हा रान उठले होते, आजही त्यावर वाद घालणारे आहेत. पण केडगावचे काम १९२२ मध्ये त्या गेल्यावरही थांबले नाही. आणि अगदी अलीकडचे म्हणाल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हिरव्या वसईसाठी, तिथल्या पाण्यासाठी ते सगळ्या धर्मांच्या लोकांना बरोबर घेऊन रस्त्यावर उतरले, धमक्यांना भ्याले नाहीत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका धर्मगुरूला मिळाले, त्यामागे त्यांच्या लेखणीइतकाच हा माणूसही होता असे मी मानतो.

आता आपल्या घरात डोकावू. पवित्र शास्त्र रोज वाचणाऱ्या कुटुंबांतही सोयरीक जुळवताना आजोबा-पणजोबांची मूळ जात हळूच विचारली जाते. मंडळ्यांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या समुदायाच्या, जमिनी आणि विश्वस्तपदे यांवरून कज्जे चालतात, एकाच मंडळीतली दोन माणसे रविवारी एका बाकावर बसत नाहीत आणि सोमवारी कोर्टात समोरासमोर उभी राहतात. शेजारचा हिंदू, मुसलमान हे सगळे पाहत असतो. त्याला आपले गीत ऐकू येते तसे आपले भांडणही ऐकू येते. हे लिहिताना मला यातना होतात, कारण याच मंडळीने मला वाढवले, माझ्या आईच्या आजारपणात रात्र रात्र जागून काढली. म्हणूनच गप्प बसवत नाही.

आमच्या मंडळीच्या सभेत मी यंदा दोन गोष्टी मांडणार आहे. रोषणाई आणि फलकांचा खर्च निम्म्यावर आणावा आणि त्या पैशांतून सरकारी रुग्णालयात ज्यांचे कोणी नाही अशा रुग्णांसाठी आळीपाळीने माणूस बसवावा: औषध आणून देणे, घास भरवणे, रात्री हाकेला ओ देणे. रुग्ण कोणत्या धर्माचा, हे विचारायचे नाही आणि पत्रके वाटायची नाहीत. दुसरे, वर्षभरात किती अर्पण जमा झाले, कुठे खर्च झाले आणि कज्ज्यांवर किती गेले, याचा पै-पैचा हिशेब चर्चच्या दारावरच लावावा, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल असा.

दुसऱ्या सूचनेला विरोध होईल हे मला ठाऊक आहे. तरीही मी ती मागे घेणार नाही. पत्रलेखक बंधूंना माझी विनंती आहे की, मिरवणुकीसाठी जी तरुण मुले ते गोळा करणार आहेत, त्यांतली काही आम्हाला रात्रपाळीसाठी द्यावीत.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, मिरज